खेळातला गंधार

मोबाइलवरचा किंवा संगणकावरचा एखादा खेळ तुम्ही कधी आवाज बंद करून खेळून पाहिला आहे काय? पडद्यावरचा गडी तसाच पळतो, तशाच उड्या मारतो. पण खेळाची निम्मी गंमत गेल्यासारखी वाटते. आवाज पुन्हा सुरू केला की तोच खेळ जिवंत होतो. म्हणजे या खेळांत डोळ्यांइतकेच कानांनाही काम असते.

हे संगीत कोणीतरी बसून रचलेले असते. कोणता स्वर केव्हा यावा, किती वेळ टिकावा, गडी हरला की काय वाजावे, हे सारे त्याने ठरवलेले असते. असे संगीत रचणारे सगळेच मोठ्या शहरांतल्या कंपन्यांत नोकरी करतात असे नाही. शिर्डीत राहून, दिवसा दुसरे काम करून, रात्री हौसेने हा उद्योग करणारा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. तो माझा जुना विद्यार्थी. गेल्या पावसाळ्यात त्याच्यापुढे एक अडचण उभी राहिली. ती सोडवताना आम्हा दोघांनाही ध्वनिशास्त्राचा एक धडा पुन्हा गिरवावा लागला. तोच धडा आज तुमच्यापुढे मांडतो.

दिवस लॉजचा, रात्र सुरांची

शिर्डी हे गाव कधी पूर्ण झोपत नाही. पहाटे काकड आरती, दुपारी मध्यान्ह आरती, सूर्यास्ताला धूप आरती आणि रात्री शेज आरती, अशी तेथे दिवसाची चार माणके ठरलेली आहेत. आमचा हा तरुण एका लॉजच्या काउंटरवर बसतो. सकाळी सातला कामावर हजर. खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या, वहीत नावे लिहून घ्यायची, गरम पाण्याच्या तक्रारी ऐकायच्या. गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी जेवायलाही उसंत मिळत नाही.

पण त्याचे कान मोकळे असतात. फरशीवरून ओढत नेलेल्या बॅगेच्या चाकांचा खडखडाट, लिफ्टची घंटी, रिक्षांचे भोंगे, लांबून येणारा नगारा, हे सगळे तो ऐकत असतो. एखादा ठेका सापडला की मोबाइलमध्ये पटकन गुणगुणून ठेवतो. लिफ्टची घंटी आणि जिन्याखालच्या पंपाची घरघर यांत षड्ज-पंचमाचे अंतर आहे, असे त्याने एकदा मला सांगितले होते. मी लॉजवर जाऊन ऐकले. त्याचे म्हणणे जवळजवळ बरोबर होते!

रात्री शेज आरतीनंतर गल्ली जरा शांत झाली की तो आपल्या खोलीत बसतो. सामान म्हणाल तर एक जुना लॅपटॉप, कानाला लावायचे हेडफोन, दोन सप्तकांचा एक छोटा की-बोर्ड आणि फुकट मिळणारी संगीताची सॉफ्टवेअर. खोलीच्या भिंतीपलीकडे त्याची आत्या झोपते, म्हणून स्पीकर लावायचा नाही असा घरचा नियम आहे. बारा वाजले की लॅपटॉप बंद, कारण सकाळी पुन्हा सात.

कोपरगावच्या दोन मित्रांनी एक खेळ तयार करायला घेतला होता. सूरपारंब्यांचा. पडद्यावर मोठा वड, त्याच्या पारंब्या, आणि एका पारंबीवरून दुसरीवर झेपावणारी मुले. त्याचे संगीत करायचे काम याच्याकडे आले. पैसे मिळणार नव्हते, पण त्याच्या नावाने लोकांपुढे जाणारे ते पहिलेच काम होते.

संपायचे नाही असे गाणे

खेळाच्या संगीताची एक वेगळीच अडचण असते. सिनेमातले गाणे कधी सुरू होते आणि कधी संपते हे ठरलेले असते. खेळात मात्र एखादा मुलगा पहिल्याच पारंबीवरून पडेल, तर दुसरा अर्धा तास वरच राहील. तेव्हा चाल अशी हवी की ती संपता संपता पुन्हा पहिल्या समेवर येईल आणि जोड कळणार नाही.

ही जोड वाटते तितकी सोपी नसते. ध्वनिलहर वर-खाली होत असते. लहर वर गेलेली असताना तोडली आणि शून्यापासून नवी सुरू केली, तर स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात मोठी उडी घ्यावी लागते. त्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून लहर जेथे शून्यरेषा ओलांडते तेथेच ती तोडायची आणि तेथेच जोडायची. आमच्या तरुणाने लय मिनिटाला १२० मात्रांची ठेवली. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि तीनतालाचे सोळा मात्रांचे आवर्तन बरोबर ८ सेकंदांचे. हिशेब सोपा, जोड साफ.

या कल्पनेला फार जुना इतिहास नाही. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकाडो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. त्यात खाली उतरत जाणारे चार स्वर सारखे फिरत राहतात. शत्रू जसजसे कमी होतात तसतशी त्यांची गती वाढते आणि त्या स्वरांची लयही वाढते. स्वर फक्त चारच. पण खेळणाऱ्याची छाती धडधडू लागते.

भांडण कोठे होते?

सूरपारंब्यांच्या चालीखाली आमच्या मित्राला तंबोरा हवा होता. त्याची आत्या गावातल्या बायकांना भजने शिकवते. तिच्याकडे मिरजेचा जुना तंबोरा आहे. तिने तो लावून दिला आणि याने तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. मग त्या सुरावर सॉफ्टवेअरमधल्या पेटीसारख्या आवाजात चाल वाजवली. तंबोरा एकटा ऐकला तर गोड, चाल एकटी ऐकली तर तीही ठीक. दोन्ही एकत्र लावली की मात्र काहीतरी टोचत होते.

त्याने ते आत्याला ऐकवले. ती म्हणाली, “अरे, हा गंधार पेटीचा आहे, गळ्याचा नाही. यंत्राला गाता येत नाही, बाळा.” एवढे बोलून तिने हेडफोन काढून ठेवले.

तो हिरमुसला होऊन माझ्याकडे आला. “सर, मी दोन महिने राबलो. आत्या म्हणते ते खरे असेल तर हे काम सोडून दिलेले बरे.”

मला प्रथम वाटले, ध्वनिमुद्रणातच घोटाळा आहे. संगणक आवाजाचे दर सेकंदाला हजारो नमुने घेतो. मोबाइलने सेकंदाला ४८,००० नमुने घेतले असतील आणि लॅपटॉपने ते ४४,१०० च्या वेगाने वाजवले असतील, तर तंबोरा खाली उतरणारच. मी मोठ्या खात्रीने तसे सांगून टाकले. तो म्हणाला, “पण सर, मग सगळेच स्वर बिघडायला हवेत. माझा सा जुळतो, प जुळतो. फक्त ग भांडतो.”

त्याचे बरोबर होते आणि माझे चूक. ध्वनिमुद्रणाचा वेग चुकला असता तर सर्वच स्वर सारख्याच प्रमाणात सरकले असते. एकच स्वर बिघडतो, याचा अर्थ कारण त्या स्वरातच शोधले पाहिजे. मित्रांनो, प्रयोगशाळेतही हे लक्षात ठेवा. काय बिघडले हे पाहताना काय बिघडलेले नाही हेही पाहावे. उत्तर पुष्कळदा तेथूनच सापडते.

दोन गंधारांचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. आकडे सोपे जावेत म्हणून तंबोऱ्याच्या षड्जाची वारंवारता २४० हर्ट्‌झ धरू, म्हणजे तार सेकंदाला २४० वेळा कंप पावते.

तार छेडली की ती नुसती २४० वेळा कंप पावत नाही. तिच्यातून त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे सूक्ष्म स्वरही निघतात. म्हणजे ४८०, ७२०, ९६०, १२०० हर्ट्‌झ. यांना आपण उपस्वर म्हणू. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. त्यामुळे हे उपस्वर फार ठळक होतात. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो असे गवई म्हणतात, तो हाच पाचवा उपस्वर, १२०० हर्ट्‌झचा. त्याला दोनदा निम्मे करून मधल्या सप्तकात आणले की ३०० हर्ट्‌झ मिळतात. ३०० भागिले २४० म्हणजे ५/४. हा झाला गळ्याचा गंधार.

आता की-बोर्डचा गंधार काढू. की-बोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या सुमारे १.०५९४६ पट असते. हा आकडा असा निवडला आहे की तो बारा वेळा गुणला की बरोबर २ येतात, म्हणजे वरचा सा. गंधार हा सा पासून चौथी पट्टी. तेव्हा १.०५९४६ चार वेळा गुणा. उत्तर येते सुमारे १.२५९९२. याला २४० ने गुणले की ३०२.३८ हर्ट्‌झ.

एक ३०० आणि दुसरा ३०२.३८. फरक सव्वादोन-अडीच हर्ट्‌झचा. एवढ्याने काय होते, असे तुम्ही म्हणाल. पण की-बोर्डच्या या स्वरालाही उपस्वर आहेत. त्याचा चौथा उपस्वर १२०९.५ हर्ट्‌झचा. तिकडे तंबोऱ्याचा पाचवा उपस्वर १२०० चा. जवळजवळ सारख्या अशा दोन लहरी एकत्र आल्या की कधी त्या एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. आवाज लहान-मोठा होत राहतो. सेकंदाला असे जितके ठोके पडतात, तितकाच त्या दोन वारंवारतांमधला फरक असतो. येथे सेकंदाला साडेनऊ ठोके पडत होते. इतके जलद ठोके कानाला मोजता येत नाहीत. ते खरखर म्हणून जाणवतात. आत्याला टोचत होते ते हेच.

मग प का भांडत नव्हता? की-बोर्डचा प ३५९.५९ हर्ट्‌झचा येतो आणि तंबोऱ्याला जुळणारा ३६० चा. त्याच्या दुसऱ्या उपस्वराची षड्जाच्या तिसऱ्या उपस्वराशी गाठ पडली तर सेकंदाला एकही ठोका पुरा पडत नाही. म्हणून तो गोड लागतो.

तुम्हीही ऐकून पहा

दोन मोबाइल घ्या. ठराविक वारंवारतेचा स्वर वाजवणारे फुकट अ‍ॅप त्यांवर असते. एकावर ६०० आणि दुसऱ्यावर ६०२ हर्ट्‌झ लावा. (मोबाइलच्या लहान स्पीकरला खालचे स्वर नीट वाजवता येत नाहीत, म्हणून वरच्या सप्तकातला गंधार घेतला आहे.) आवाज बेताचा ठेवा आणि दोन्ही मोबाइल शेजारी-शेजारी ठेवून दहा सेकंद ठोके मोजा. वीस भरले पाहिजेत. मग ६०२ च्या जागी ६०५ आणि नंतर ६१० लावा. ठोके केव्हा मोजता येईनासे होतात आणि खरखर केव्हा सुरू होते, हे वहीत टिपून ठेवा.

हे भांडण नवे नाही

की-बोर्डच्या गंधाराने अस्वस्थ झालेला माझा विद्यार्थी पहिलाच नव्हे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेशाने डेप्युटी कलेक्टर. संगीत आणि ध्वनिशास्त्र ही त्यांची हौस. निवृत्तीनंतर, १९१० साली, त्यांनी हिंदुस्थानी स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयाच्या गळ्यातले स्वर त्यांनी तारेच्या लांबीवरून मोजले. ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या साहाय्याने बावीस श्रुती वाजवणारी पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत तिच्यावर बराच वाद झाला. गवयांचे एकमत झाले नाही आणि ती पेटी मागे पडली. पुढे १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. तिच्यावरच्या आक्षेपांत हे पक्के बसवलेले स्वरही होते.

इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली तेव्हाही प्रश्न तोच राहिला. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. १९८२ साली त्यांनी तीन जपानी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढली. त्यांतल्या एका यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. तुटक पट्ट्यांच्या यंत्रातून मींडेसारखा परिणाम त्यांनी तिच्यातूनच काढला. त्या वेळी तबकडीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या लोकांनी ती कौतुकाने ऐकली.

यंत्राला समजावणे

देवलांना नव्या सुरांसाठी नवी पेटी करवून घ्यावी लागली. आज ते काम आकड्यांनी होते. १९८३ सालापासून इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी ‘मिडी’ नावाच्या सांकेतिक भाषेत बोलतात. तिच्यात प्रत्यक्ष आवाज नसतो. कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली, एवढेच आकडे असतात. स्वर किंचित वर-खाली सरकवण्यासाठीही तिच्यात एक आकडा आहे. तो ० पासून १६,३८३ पर्यंत जातो. ८,१९२ हा मध्य, म्हणजे स्वर जागच्या जागी.

सूक्ष्म अंतरे मोजण्यासाठी प्रत्येक पट्टीचे आणखी शंभर सारखे भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. की-बोर्डचा गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर आहे आणि ५/४ चा गंधार ३८६.३ सेंटांवर. म्हणजे स्वर १३.७ सेंट खाली उतरवायचा. सर्वसाधारणपणे ८,१९२ पायऱ्यांत दोन पट्ट्या, म्हणजे २०० सेंट, उतरता येतात. तेव्हा १३.७ सेंटांना सुमारे ५६१ पायऱ्या लागतील. आम्ही ८,१९२ मधून ५६१ वजा केले. उत्तर आले ७,६३१. चालीत जेथे जेथे गंधार होता तेथे तेथे त्याने हा आकडा घातला. एकूण बेचाळीस ठिकाणी! त्याला दोन रात्री लागल्या.

छोट्या चिपचे मोठे काम

खेळाचा एक टप्पा मित्रांना जुन्या टीव्ही गेमच्या आवाजात हवा होता. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्रात स्वर कसा तयार होई ते पाहण्यासारखे आहे. तिच्या चिपमध्ये दोन आवाज चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या फसफशीचा, आणि पाचवा ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. फसफशीपासून तबल्या-ढोलाचे काम घेत.

चौकोनी लहरीचा स्वर भागाकाराने मिळे. चिपच्या घड्याळातून १६ चा भाग दिल्यावर सेकंदाला सुमारे १,११,८६१ ठोके उरत. त्यांना एका पूर्ण संख्येने भागायचे, की स्वर तयार. ३०० हर्ट्‌झचा गंधार हवा असेल तर ३७३ ने भागा, २९९.९ हर्ट्‌झ येतात. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या खेळण्यात गळ्याचा गंधार जवळजवळ तंतोतंत वाजत होता! पण फार वर गेले की पंचाईत होते. २,४०० हर्ट्‌झचा गंधार हवा असेल तर ४७ ने भागल्यास २,३८० येतात आणि ४६ ने भागल्यास २,४३२. मधली पूर्ण संख्याच नाही. म्हणून जुन्या खेळांत अतितार सप्तकातले स्वर थोडे हललेले वाटतात.

एवढी काटकसर का करीत? जागा नव्हती म्हणून. चांगल्या प्रतीचा स्टीरिओ आवाज जसाच्या तसा साठवायचा तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्याला २ बाइट, आणि डावा-उजवा मिळून दुप्पट. म्हणजे एका सेकंदाला १,७६,४०० बाइट. आणि १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सबंध खेळ, चित्रे, नियम आणि कोजी कोंडो यांचे संगीत धरून, अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला होता. एका सेकंदाच्या आवाजाला जितकी जागा लागते, तिच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी जागेत सारा खेळ! कोंडो यांची चाल तेथे फक्त आकड्यांच्या रूपात होती. आमच्या मित्रानेही त्या टप्प्यासाठी आवाज साठवला नाही, आकडेच दिले, आणि चाल मधल्या सप्तकाच्या वर जाऊ दिली नाही.

आत्याचा निकाल

दुरुस्त केलेली चाल घेऊन तो पुन्हा आत्याकडे गेला, तेव्हा मीही मुद्दाम शिर्डीला गेलो होतो. रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्या दिवशी घरचा नियम मोडून त्याने छोटा स्पीकर लावला. तंबोरा सुरू झाला, वर चाल आली. आत्या डोळे मिटून ऐकत होती. गंधार आला, गेला, पुन्हा आला. खरखर नव्हती. सोळा मात्रांचे आवर्तन चार वेळा फिरले तरी ती काही बोलली नाही. तो माझ्याकडे पाही, मी त्याच्याकडे.

मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “ग आला. आता निषादाकडे बघ.”

आम्ही दोघेही हसलो, कारण निषादाकडे आमचे लक्षच गेले नव्हते. रात्रीचे बारा वाजेपर्यंत आम्ही आकडे मांडत बसलो.

मित्रांनो, ते काम आता तुम्ही करा. गळ्याचा शुद्ध निषाद षड्जाच्या १५/८ पट धरा. की-बोर्डचा निषाद सा पासून अकरावी पट्टी, म्हणजे १.८८७७५ पट. सा २४० हर्ट्‌झचा. दोन निषादांत किती हर्ट्‌झचा फरक पडतो? खालचा स्वर मिळवण्यासाठी ८,१९२ मधून किती पायऱ्या उतराव्या लागतील? गळ्याचा निषाद १,०८८.३ सेंटांवर आहे, एवढे सांगून ठेवतो. आणि उत्तर आले तरी तेथे थांबू नका. घरात, शेजारी, एखाद्या भजनी मंडळात तंबोरा असेल तर तो लावून घ्या, दोन्ही निषाद त्याच्यावर वाजवा, आणि ज्यांचा कान तयार आहे अशा कोणा वडीलधाऱ्यांना विचारा. आकडा बरोबर आहे की नाही हे वही सांगेल. स्वर लागला की नाही हे त्यांच्याकडूनच कळेल.